गोळीचा मृत्यू मोजला जातो, उन्हाचा का नाही?

फोंड्याचा मास्तर

दर उन्हाळ्यात समाजमाध्यमांवर एक भांडण नव्याने पेटतं. युरोपातले लोक अमेरिकेला बंदुकांवरून बोल लावतात. अमेरिकेतून उत्तर येतं की तुमच्याकडे एका उन्हाळ्यात जितकी माणसं उकाड्याने मरतात तितकी आमच्याकडे वर्षभरात बंदुकीने मरत नाहीत, आधी घरात एसी बसवा. आमच्या गोव्यातल्या तरुण मुलांतही हा वाद हिरिरीने चालतो, कारण कुणाचा भाऊ लिस्बनला असतो तर कुणाची बहीण न्यू जर्सीला. आयुष्यभर गणित आणि संख्याशास्त्र शिकवलं, तेव्हा हा हिशेब एकदा नीट मांडून बघावा असं वाटलं.

बार्सिलोनातल्या संशोधकांनी २०२२ च्या उन्हाळ्यासाठी युरोपातल्या ३५ देशांचा अंदाज काढला, तो ६१,६७२ मृत्यूंचा निघाला. त्यात इटलीचे १८,०१०, स्पेनचे ११,३२४, जर्मनीचे ८,१७३. त्याच वर्षी अमेरिकेत बंदुकीने ४८,२०४ माणसं गेली. इथवर वाचलं तर अमेरिकेची बाजू खरी वाटते. पण त्या ३५ देशांची लोकसंख्या ५४ कोटींच्या घरात आहे आणि अमेरिकेची ३३ कोटी. लाखामागे धरलं तर युरोपात उन्हाचे ११ हून थोडे जास्त, अमेरिकेत बंदुकीचे १४ हून थोडे जास्त. पारडं फिरलं. आता एकटी इटली घ्या, लाखामागे २९ च्या वर, परत फिरलं. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य घ्या, तिथला बंदुकीचा दर इटलीच्या उन्हाच्या दराला जवळजवळ भिडतो. मॅसॅच्युसेट्समध्ये तोच दर चारच्या आत आहे. रेघ कुठे ओढता त्यावर कोण जिंकलं ते ठरतं, त्यामुळे या हारजितीत मला रस उरला नाही.

खटकलं ते पुढचं. हे दोन आकडे दोन निराळ्या रीतींनी तयार होतात. गोळी लागून गेलेल्या माणसाचा पोलीस तपास होतो, शवविच्छेदन होतं, दाखल्यावर कारण लिहिलं जातं. ४८,२०४ ही अशा एकेका दाखल्याची बेरीज आहे. युरोपचा ६१,६७२ कुठल्याच दाखल्यांतून आलेला नाही. मागच्या वर्षांत कुठल्या तापमानाच्या आठवड्यात किती माणसं गेली याचा संबंध आधी बसवतात आणि त्यावरून त्या उन्हाळ्यातल्या गरमीने किती बळी घेतले ते काढतात. हीच गंमत अमेरिकेतल्या उन्हाचीही. तिथले दाखले मोजले तर २००४ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ७०० च्या आसपास मृत्यू दिसतात. युरोपच्या रीतीने हिशेब केला तेव्हा नुसत्या २९७ काउंटींतच (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) वर्षाला सुमारे ५,६०० निघाले. काळ थोडा मागचापुढचा आहे, तरी आठपट तफावत काळाने येत नाही, मोजण्याने येते. तेव्हा ‘युरोपात साठ हजार आणि अमेरिकेत सातशे’ असं जे फिरवलं जातं त्याला काहीच अर्थ नाही.

शिकागोबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे ऊन आणि बंदूक एकाच गल्लीत भेटतात. जुलै १९९५ मधल्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा ७३९ जास्त माणसं गेली. हे शहर खुनांसाठी बदनाम, त्या काळी तिथे वर्षाला आठशेच्या आसपास खून होत. म्हणजे वर्षभराच्या खुनांइतकी माणसं उकाड्याने काही दिवसांत नेली. शवागारात जागा पुरेना म्हणून शीतवाहनं आणून उभी करावी लागली. तरीही महापौरांनी आकड्यावर शंका घेतली. पुढे एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्या अभ्यासल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटी राहणारी म्हातारी माणसं, ऊन तर एकच. पण मृत्यूचा दर उत्तरेकडे जवळपास दहापट. दक्षिणेकडे रस्ते गजबजलेले होते, दुकानं उघडी होती, म्हातारी माणसं बाहेर पडत होती. उत्तरेकडे दुकानं उठून गेलेली, प्लॉट ओस पडलेले, आणि गुन्हेगारीच्या धास्तीने म्हातारी माणसं दारंखिडक्या लावून आत बसलेली. त्या बंद खोल्यांत ती उन्हाने मेली. त्यांच्या मरणात हिंसेचा वाटा किती होता ते कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता आपल्याकडे वळतो. भारतात २०२० साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्के मृत्यूंना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. गोव्यात हे प्रमाण १०० टक्के होतं. देशात एवढी चोख नोंद दुसरीकडे नाही, याचा मला अभिमान वाटतो. पण उन्हाचं काय? एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, नोंदीत २०२२ सालचे उष्माघाताचे मृत्यू अख्ख्या देशात ७३०. एकट्या अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा १,३४४ जास्त माणसं गेली होती. ७३० वर विश्वास कसा ठेवायचा?

गोव्यात प्रत्येक दाखल्यावर कारण असतं, मग उन्हाचा वाटा त्यावर उमटतो का? आरोग्य खात्यात, पंचायतीत, बांधकामावर काम करणाऱ्यांनी कृपया लिहा.

म्हापसा ते जर्सी

मास्तर, लेख चांगला आहे, पण एक मोठी गोष्ट राहिली. तुम्ही मृत्यू मोजलेत, वय मोजलं नाहीत. युरोपात उकाड्याने गेलेल्यांत बहुतेक वृद्ध, त्यातही ऐंशी ओलांडलेल्यांचा भरणा. इथे अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, मोटार अपघाताच्याही वर. माझी मुलगी शाळेत दिवे बंद करून, आवाज न करता कोपऱ्यात बसण्याची कवायत करते. हे ज्या समाजात रुळलं त्याची तुलना तापमानाशी करायची मला हिंमत होत नाही.

दुसरं, बाहेरच्या लोकांना बंदूकबळी म्हटलं की शाळेतला गोळीबार आठवतो. २०२२ च्या त्या ४८,२०४ पैकी २७,०३२ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. बातमीत न येणारी, घरातल्या घरात संपलेली माणसं. त्या अर्थाने तेही तुमच्या उन्हाच्या बळींसारखेच कुणाला न दिसणारे.

एसीचं खरं आहे. इथे दहातल्या जवळपास नऊ घरांत आहे, आणि त्याने जीव वाचतात यात शंका नाही.

सासष्टीची लेक

वयाचा मुद्दा मला पटत नाही. ऐंशीच्या माणसाने उरलेली पाच वर्षं जगायची नव्हती का? ‘जाणारच होती’ हे वाक्य मी घरोघरी ऐकते आणि माझा संताप होतो.

म्हापसा ते जर्सी

ताई, तसं म्हणायचं नव्हतं. संशोधकच पडताळून बघतात की लाटेनंतरच्या आठवड्यांत मृत्यू नेहमीपेक्षा कमी होतात का. कमी झाले तर लाटेने काही जणांचं मरण फक्त थोडं अलीकडे ओढलं असं मानतात. २००३ साली फ्रान्समध्ये अशी घट फार थोडी दिसली. म्हणजे ती माणसं खरंच आणखी जगली असती. तुमचं म्हणणं त्या आकड्यांनीही धरून आहे.

बार्देशची परिचारिका

बरीच वर्षं वॉर्डात काढली आहेत म्हणून लिहिते. उन्हाने माणूस मरतो तो बहुतेक वेळा ‘उष्माघात’ या नावाने मरत नाही. गरमीत शरीर थंड राखायला रक्त कातडीकडे ढकलावं लागतं, त्यासाठी हृदय जास्त जोराने चालतं. आधीच कमजोर हृदय तिथे हरतं. घामाने पाणी जातं, मूत्रपिंडं थकतात. त्यात ब्लड प्रेशरच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतात, काही मानसिक आजारांच्या गोळ्यांनी घाम कमी येतो. रात्री पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली उकाडा उतरत नाही, त्यामुळे शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. दोनतीन दिवसांनी माणूस कोसळतो, आणि दाखल्यावर येतं हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी. ते चुकीचं नसतं. पण अपुरं असतं.

आणि बायकांकडे लक्ष द्या. मास्तरांनी सांगितलेल्या युरोपच्याच अभ्यासात बायकांचे मृत्यू पुरुषांपेक्षा ६३ टक्के जास्त होते. आपल्याकडे रांधपाच्या खोलीत दुपारी बारा वाजता कोण उभं असतं ते सांगायला नको.

कागदावरचा माणूस

थोडं थंड डोक्याने बोलू. जगात थंडीने मरणारे उन्हाने मरणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. २०२१ च्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला थंडीचे सुमारे ४६ लाख आणि उन्हाचे ४ लाख ८९ हजार असा अंदाज होता. युरोपातही तसंच. आणि पणजीत पारा ३४-३५ च्या वर कितीदा जातो? विदर्भातल्या माणसाने ही चर्चा केली तर समजू शकतं.

फोंड्याचा मास्तर

थंडीचा आकडा बरोबर आहे, तोही याच रीतीने काढलेला अंदाज आहे. पण गोव्याबद्दल असहमत. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांना उष्णतेची लाट मानायचा विचार सुरू करतं, किनारपट्टीवर ३७ लाच, तेही नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेलं तर. कारण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाने ३५ दाखवले की माणूस फार काळ तगत नाही असं पूर्वी पुस्तकात लिहिलेलं असे. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी धडधाकट तरुणांवर प्रयोग केले तेव्हा ती हद्द ३१ च्या आसपासच आली. मार्च २०२३ मध्ये ९ आणि १० तारखेला गोव्यातल्या शाळा दुपारच्या आधी सोडल्या होत्या, आठवत असेल.

आणि खारघर विसरलात का? १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्रभूषण सोहळा. पारा ३८ च्या आसपास, समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि १४ श्रीसदस्य गेले. त्या मैदानात कुणी १४ माणसांवर गोळ्या झाडल्या असत्या तर आज ती तारीख देशातल्या प्रत्येक मुलाला पाठ असती.

सत्तरीचो बागायतदार

माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे. रानडुकरं आणि माकडं बागायत ठेवत नाहीत म्हणून वडिलांनी घेतलेली. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, मग परत आणायची, परवाना नवा करायचा, प्रत्येक काडतुसाचा हिशेब ठेवायचा. कटकट वाटते. पण अमेरिकेचं वाचलं की ही कटकट बरी वाटते.

काजूच्या दिवसांत ऊन कसं काढतो ते सांगतो. उजाडायच्या आधी बागेत जायचं, दहापर्यंत बोंडू गोळा करून खाली. फेणीच्या भट्टीवर मात्र सुटका नाही, वर ऊन आणि समोर जाळ. आमच्या भट्टीवरचे जुने लोक पेज पिऊन, मधेमधे मीठ लावलेली कैरी खाऊन काम करायचे आणि दुपारी गप्प आडवे व्हायचे. बाहेरून आलेली माणसं गोव्यातली दुकानं दुपारी बंद बघून हसतात. त्यांनी एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता डोंगर चढून दाखवावा.

सासष्टीची लेक

फ्रान्सचं नाव निघालं म्हणून लिहिते. ऑगस्ट २००३ मध्ये तिथे जवळपास पंधरा हजार माणसं गेली. ऑगस्ट म्हणजे तिथल्या सुट्ट्यांचा महिना, मुलं समुद्रकिनाऱ्यावर आणि म्हातारे आईबाप शहरातल्या वरच्या मजल्यांवर एकटे. काही मृतदेह घ्यायला आठवडे उलटले तरी कुणी आलं नाही. दुसऱ्या वर्षी सरकारने आराखडा केला. एकट्या वृद्धांची यादी नगरपालिकेने ठेवायची, ज्याला हवं त्याने नाव घालायचं, आणि इशारा आला की पालिकेच्या माणसाने फोन करायचा.

मी हे वाचलं तेव्हा मला आमचा वाडाच दिसला. मोठमोठी घरं, त्यात एक म्हातारी. मुलगा आखातात किंवा इंग्लंडमध्ये, पैसे येतात, औषधं येतात. जुनं कौलारू घर, उंच छप्पर, पुढे बलकांव म्हणजे बसायचा ओटा, तिथे वारा तरी असतो. पण बऱ्याच जणांनी कौलं काढून स्लॅब घातला, खिडक्यांना जाळ्या आणि काचा बसवल्या, आणि चोरीच्या भयाने त्या उघडतही नाहीत. मास्तरांनी शिकागोची उत्तरेकडची वस्ती वर्णन केली ना, ती अगदी तशीच आहे. आमच्याकडे बंदुका नाहीत, तरी भय आहेच.

मे महिन्यात वीज जाते तेव्हा त्या घरात कोण डोकावतं? आमच्याकडे पदेर, म्हणजे पाववाला, आणि मासे विकणारी बाई, एवढीच दोघं रोज दारात येतात.

म्हापसा ते जर्सी

+१. माझी आई म्हापशाला एकटीच असते. हा प्रतिसाद वाचून लगेच फोन लावला.

फोंड्याचा मास्तर

जर्सीवाल्यांनी आत्महत्यांचा मुद्दा काढला, त्याने माझा विचार पुढे सरकला. इस्राएलमध्ये २००६ साली सैन्याने एक साधा बदल केला, आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना तरुण सैनिकांनी रायफल तळावरच ठेवायची. त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. स्वित्झर्लंडमध्ये २००३ नंतर सैन्य लहान झालं, घराघरांतल्या लष्करी बंदुका कमी झाल्या, तेव्हाही त्या वयाच्या पुरुषांत आत्महत्या उतरल्या. माणसाचं दुःख तेवढंच होतं, पण त्या वाईट घटकेला साधन हाताशी नव्हतं. ती घटका टळली की पुष्कळ जण पुढे जगतात.

उन्हाचंही असंच टाळता येतं. अहमदाबादने २०१० च्या तडाख्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आदल्या दिवशी इशारा, दवाखान्यांत तयारी, पाण्याची सोय, पुढे गरीब वस्त्यांत छपरांना पांढरा रंग. नंतरच्या अभ्यासात वर्षाला हजाराहून जास्त मृत्यू टळल्याचा अंदाज आला. यातलं काहीच महाग नाही.

आणि ऑस्ट्रेलिया. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली, काही दिवसांत कायद्यावर सगळी राज्यं एक झाली, सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. त्याच देशात २००९ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यात १७३ माणसं गेली, त्यावर चौकशी आयोग बसला, स्मारकं झाली. त्या वणव्याच्या आदल्या आठवड्यातल्या लाटेत त्याच राज्यात ३७४ जास्तीचे मृत्यू झाले होते. दुपटीहून जास्त. त्यांचं स्मारक कुठे पाहण्यात नाही.

साइटवरचा

पर्वरीत बांधकामावर सुपरवायझर आहे. इथे वृद्धांच्या यादीबद्दल बोलणं चाललं आहे, चांगलं आहे. पण आमच्या साइटवर स्लॅब भरणारी पोरं कर्नाटक, झारखंड, ओडिशातली आहेत. पत्र्याच्या खोलीत आठजण झोपतात. त्यांची नावं कुठल्याच पंचायतीच्या यादीत नाहीत. एखाद्याला चक्कर आली की गावी पाठवतात. पुढे तो गेला तर त्याचा दाखला त्याच्या गावात होतो, गोव्याच्या १०० टक्क्यांत तो नसतोच. मी काँक्रीटचं काम सकाळी साडेसहाला लावायला लागलो, दुपारी बारा ते साडेतीन बंद ठेवतो. कंत्राटदार कुरकुरतो. सरकारी आदेश असता तर मला भांडावं लागलं नसतं.

बार्देशची परिचारिका

साइटवरचे भाऊ, तुमचं फार महत्त्वाचं आहे. बेशुद्ध पडलेल्या माणसाला गावी पाठवण्याआधी आमच्याकडे आणा, हात जोडून सांगते. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध झालं तर गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. पहिला अर्धा तास सगळं ठरवतो.

मास्तरांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात दोन भाग असतात. पहिल्या भागात थेट कारण आणि त्यामागची कारणांची साखळी. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी. ‘तीव्र उष्णतेचा संपर्क’ हे तिथे लिहिता येतं, आंतरराष्ट्रीय यादीत त्याला एक्स ३० असा वेगळा सांकेतांकही आहे. कायदा बदलायला नको, नवा फॉर्म नको. पण रुग्ण कुठल्या खोलीत सापडला, पंखा चालू होता का, खिडकी उघडी होती का, हे डॉक्टरांना कुणी सांगतच नाही, मग ते काय लिहिणार? अॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स शहर जिथे आहे तिथे, तपासनीस घरी जाऊन खोलीचं तापमान आणि एसीची स्थिती नोंदवतात. २०२३ मध्ये त्यांनी ६४५ मृत्यू उष्णतेशी जोडलेले दाखवले. घरात गेलेल्या बहुतेकांकडे एसी होता, पण तो बिघडलेला किंवा बंद. जर्सीच्या भावांनी हेही लक्षात घ्यावं, नुसतं यंत्र भिंतीवर असून भागत नाही.

फोंड्याचा मास्तर

सर्वांचे आभार. आमच्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मांडतो आहे: एकट्या वृद्धांची ऐच्छिक यादी, त्याच यादीत बांधकामावरच्या खोल्यांची नोंद, आणि मार्च ते मे या महिन्यांत घरी झालेल्या मृत्यूंसाठी खोली, पंखा आणि विजेची माहिती पंचायत सदस्याने डॉक्टरांना कळवणं. मसुदा इथेच टाकतो. परिचारिकाताई, तिसऱ्या मुद्द्याची भाषा तुम्ही तपासून द्याल का? आणि साइटवरचे भाऊ, दुपारच्या सुट्टीचे तास तुमच्या अनुभवाने लिहून द्या, ते चौथा मुद्दा म्हणून घालतो.